वीस चकत्यांची परीक्षा

उदगीर जिल्हा होणार, हे सरकारच्या आधी विरूपाक्षला कळलं होतं. त्यानं दुकानाची पाटीसुद्धा तशीच रंगवून घेतली होती. वर ‘महानंदा मशिनरी, जि. उदगीर’ आणि खाली ‘अधिकृत जिल्हा वितरक’. कशाचे वितरक, तेवढी जागा पेंटरला मोकळी सोडायला लावली होती. जिल्हा व्हायचा होता, वितरक व्हायचं होतं, पण पाटी झाली होती. तिनातलं एक काम उरकलं म्हणजे उरलेली दोन वाटेला लागली, असं त्याचं म्हणणं.

“आठ दिवसांत बघा,” तो येईल त्याला सांगायचा. “आधी कलेक्टर येतो का माझी एजन्सी, एवढंच बघायचं राहिलंय.”

येणारा म्हणजे बहुतेक वेळा निजामोद्दीनच. हा दुकानाच्या पायरीवर बसून धार लावायचा. कोयते, करवती आणि आता चार वर्षांपासून झाडं कापायच्या कटर मशीनच्या चेनी. सारा जन्म लाकूड आणि लोखंड यांच्या भांडणात गेल्यामुळे तो माणसांच्या बोलण्याला फारसा दचकत नसे.

“भाऊ,” तो कानस चालवता चालवता म्हणायचा, “पाटीवर मोकळी जागा हाय तिथं टायमिंग तरी लिहा दुकानाचं.”

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि उदगीरला पेपरातून. घराघरांतल्या टाक्यांच्या झाकणांना कुलपं लागली होती. बाकी सगळ्यांचे धंदे बसले होते, एक कटरचा सोडून. बोअर आटली, की मालक बांधावरचं झाड विकायचा. झाड गेलं, की झाडाच्या जागी उभा राहून पाऊस का पडत न्हाई यावर बोलायचा. या बोलण्याला सावली नसल्यामुळे ते फार वेळ चालत नसे आणि मग तो पुढचं झाड विकायला मोकळा व्हायचा. तालुक्यात कटर मशिनी सव्वादोनशे झाल्या होत्या. मशीन एकदाच विकलं जातं. चेन मात्र दर दोन महिन्यांनी लागते. म्हणून विरूपाक्षचा डोळा चेनीवर होता.

अखेर पुण्याहून ‘वज्रदंत’ नावाच्या चेन कंपनीच्या खांबेटेसाहेबांचा फोन आला. एजन्सी द्यायला कंपनी तयार होती. अट एकच होती. बाजारात मिळणारी साधी, बिनडब्याची चेन आणि वज्रदंत, या दोघींची लोकांच्या डोळ्यांदेखत तुलना करायची. मशीन एकच, लाकूड एकच, प्रत्येकीनं वीस वीस चकत्या पाडायच्या. कोण लवकर कापते आणि कापून झाल्यावर कोणाचे दात शाबूत राहतात, हे खांबेटेसाहेब स्वतः गुरुवारी येऊन बघणार होते.

विरूपाक्षला एवढी घाई असायला एक कारण होतं, आणि ते कारण सहा फूट उंच होतं. त्याचे सासरे गुरुबसप्पा. करडईच्या तेलाच्या घाण्याचे मालक आणि जिल्हा निर्मिती कृती समितीचे बावीस वर्षं अध्यक्ष. लग्नानंतर पाच वर्षं विरूपाक्ष त्यांच्या घाण्यावर पेंडीच्या पोत्यावर बसून होता. दिवाळीला तो उठला आणि भर पाहुण्यांत म्हणाला, “मामा, मी काही पेंडीत जन्म काढायला आलेलो न्हाई.”

गुरुबसप्पांनी शांतपणे पान जुळवलं होतं. “जावईबापू, आखाडापर्यंत चालवून बघा तुमचं दुकान. न्हाई जमलं तर पोतं काही कुठं जात न्हाई.”

आता जेठ लागला होता आणि पोतं खरोखरच कुठं गेलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, महानंदानं, माहेरी जाऊन बघून आल्यावर तसं सांगितलं होतं. “तुमची बसायची जागा आप्पांनी कुणाला दिली न्हाई. पोत्यावर खड्डा हाय तसाच हाय.”

परीक्षा न्याय्य व्हावी म्हणून विरूपाक्षनं आदल्या दिवशी साध्या चेनीचे दात बोथट करून ठेवायचं ठरवलं. त्याच्या दृष्टीनं हा कपटाचा भाग नव्हता. वज्रदंत चांगली चेन आहे, हे ठरलेलंच होतं. लोकांना ते नीट दिसावं, एवढीच त्याची इच्छा.

दुपारी सगळं गाव उन्हाला भिऊन आडवं झालेलं असताना, निजामोद्दीन जेवायला घरी गेलेला बघून, त्यानं त्याचीच कानस उचलली आणि मागच्या खोलीत साधी चेन मांडीवर घेऊन बसला. चेनीला ठरावीक अंतरावर दात असतात. प्रत्येक दाताच्या पुढं छोट्या कुबडासारखा एक उंचवटा असतो. आता दात कोणता आणि उंचवटा कोणता, हे विरूपाक्षला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. जे वर आलेलं दिसलं ते त्यानं घासलं. एकेक कुबड धरून पार सपाट केलं. दोन तास. घामानं बनियन भिजलं, बोटांना फोड आले. दारातून महानंदा दोनदा डोकावून गेली आणि तिनं ताकाचा तांब्या ठेवला, तो इतक्या आदरानं की विरूपाक्षला स्वतःचीच भीती वाटली.

इथं वाचकाला एक गोष्ट सांगून ठेवायला पाहिजे, कारण विरूपाक्षला ती माहीत नाही. चेनीवरचं ते कुबड दाताला आवर घालायला असतं. दातानं एका वेळी किती लाकूड खायचं, हे ते ठरवतं. कुबड घासलं की दात बोथट होत नाही, तो सुटतो. लग्नातल्या पंगतीत वाढपी निघून जावा आणि भांडं पाहुण्यांच्या हाती लागावं, तसं त्याचं होतं.

इकडे परीक्षेची बातमी आधीच गुरुबसप्पांपर्यंत गेली होती आणि परीक्षेचा समारंभ होऊन बसला होता. उदगीर जिल्ह्याचा हा पहिला औद्योगिक कार्यक्रम आहे, असं त्यांनी जाहीर केलं. जिल्हा नव्हता म्हणून कार्यक्रम अडत नव्हता. मंडप आला, माईक आला, सात जणांच्या सत्काराच्या शाली आल्या. पाहुण्यांसाठी हजार लिटरची काळी टाकी लोखंडी घोडीवर चढवून टँकरनं भरून घेतली आणि तिला दोन कुलपं घातली. चाव्या जानव्यासारख्या अध्यक्षांच्या गळ्यात.

राहता राहिलं लाकूड. निजामोद्दीननं आपल्या ओळखीच्या मळ्यातली बाभळीची दोन खोडं सुचवली होती. गुरुबसप्पांना ते अपमानास्पद वाटलं.

“समितीचा लिंब असताना बाभूळ कशाला?”

समितीचा लिंब म्हणजे हमरस्त्याच्या कडेचा तो म्हातारा कडुलिंब. त्याच्या सावलीत समितीनं बावीस वर्षं धरणी धरली होती. बावीस वर्षांत कुणी त्याला तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, कारण मागण्यांत ते कलम नव्हतं. यंदा तो उभ्या उभ्या वाळला आणि परवाच्या वावटळीत आडवा झाला. पडतानाही समितीच्या कुणाला लागलं नाही, कारण उन्हामुळे त्या दिवशीचं धरणं घरूनच चालू होतं.

“मामा,” निजामोद्दीन म्हणाला, “रस्त्याकडचं झाड हाय. पोटात काय असंल, सांगता येत न्हाई. लोहचुंबक फिरवून बघू द्या मला एकदा.”

“निजामभाई, ह्या झाडाच्या पोटात आंदोलन हाय.”

“ते असू द्या. लोखंड न्हाई ना?”

“समितीच्या लिंबावर चुंबक फिरवायचा म्हणजे समितीवर संशय घेतल्यासारखं हाय,” असं गुरुबसप्पा म्हणाले आणि तो विषय आवाजी मतदानानं मिटला. मतदानाला ते एकटेच होते.

गुरुवारी सकाळी दहालाच ऊन असं होतं, की पडलेल्या लिंबाशेजारी घातलेल्या मंडपाच्या सावलीतसुद्धा माणसं सावली शोधत होती. खांबेटेसाहेब पांढऱ्या गाडीतून उतरले. बुटका, नीटस माणूस. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ आणि एक छापील फॉर्म. विरूपाक्षची नजर फॉर्मवर गेली ती तिथून हलेना. फॉर्मवर वरच लिहिलं होतं, वितरकाचे नाव, आणि पुढं मोकळी जागा. त्याच्या पाटीसारखीच.

भाषणं साडेअकराला संपली. मशीनला हळदकुंकू झालं, हार घातला, नारळ फुटला. हार चेनीत अडकू नये म्हणून निजामोद्दीननं तो काढला, तेव्हा समितीचे दोघं नाराज झाले. मशीन चालवायचा मान त्याचाच होता, कारण तालुक्यात ते सरळ रेषेत चालवणारा दुसरा माणूस नव्हता. त्यानं सगळ्यांना वीस पावलं मागं सरकवलं. डोळ्यांना चष्मा, पायांत जाड बूट.

“आधी साधी चेन,” विरूपाक्षनं माईकवरून सांगितलं, “म्हणजे लोकांना फरक कळेल.”

फरक कळला. निजामोद्दीननं शेंड्याकडच्या बाजूला मशीन टेकवलं मात्र, चेन लाकडात अशी घुसली की जणू तिला सकाळपासून कुणी जेवायला दिलं नव्हतं. भुसा नाही, अंगठ्याएवढे तुकडे उडू लागले. धाड. पहिली चकती. धाड. दुसरी. मशीन हातात उसळत होतं आणि निजामोद्दीन ते दातओठ खाऊन दाबून धरत होता. विसावी चकती पडली तेव्हा खांबेट्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग घड्याळ कानाला लावलं.

“तीन मिनिटं दहा सेकंद,” ते म्हणाले. “ही साधी चेन?”

“साधीच आहे साहेब,” विरूपाक्ष म्हणाला. त्याचा आवाज कुठून तरी खालून आला. “आमच्याकडं साधी गोष्टसुद्धा जरा बरी मिळते.”

निजामोद्दीननं मशीन बंद केलं आणि विरूपाक्षजवळ येऊन हळूच म्हणाला, “भाऊ, ही चेन काहीतरी येडी हाय. उसळून राहिली. उतरवून बघतो.”

“नंतर बघू. आधी वज्रदंत लाव.”

लाल डब्यातून वज्रदंत निघाली. काळी, चकचकीत, अंगाला तेल. विरूपाक्षनं मनातल्या मनात पाटीवरची मोकळी जागा भरून टाकली. साध्या चेनीनं जिथं सोडलं होतं तिथून पुढं, बुडख्याच्या अंगाला, तिनं सुरुवात केली. पहिली चकती गुळगुळीत पडली. दुसरी. तिसरी. खांबेटेसाहेबांच्या चेहऱ्यावर कंपनी दिसू लागली.

चौथ्या चकतीला खोडातून ठिणग्या आल्या.

आवाज असा झाला, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी दाताला हात लावले. निजामोद्दीननं झटकन मशीन मागं घेतलं. चेनीचे निम्मे दात चेपले होते. कापात एक चकाकणारा ठिपका होता. त्यानं वाकून बघितलं.

“खिळा,” तो म्हणाला. “चार इंची.”

“एकच असंल,” विरूपाक्ष म्हणाला.

निजामोद्दीननं खिशातून लोहचुंबक काढला आणि खोडावरून फिरवला. तो जिथं नेला तिथं चिकटला. माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा सगळा पट्टा खिळ्यांनी भरला होता. बावीस वर्षं समितीनं दर महिन्याला या झाडावर ‘जिल्हा झालाच पाहिजे’ची पाटी ठोकली होती. जुनी कधी काढली नव्हती. पाट्या कुजून गेल्या, खिळे राहिले, साल त्यांच्यावरून वाढली.

गुरुबसप्पा मंचावरून खाली आले. त्यांनी कापातला खिळा न्याहाळला आणि त्यांचे डोळे भरून आले.

“हा मी ठोकलेला हाय,” ते म्हणाले. “पहिल्या मोर्चाचा. बघा, किती सरळ गेलाय.”

समितीनं टाळ्या वाजवल्या. सातांपैकी एक शाल उरली होती, ती खोडाला पांघरावी असा प्रस्ताव आला. खांबेटेसाहेब आपल्या चेनीचे चेपलेले दात बोटानं मोजत होते आणि त्यांना टाळ्या कशाला वाजल्या हे समजत नव्हतं.

“हे बघा,” ते म्हणाले, “दोन चेनींची तुलना झाली. तुमची साधी चेन वीस चकत्या पाडून उभी आहे आणि आमची चारमध्ये गेली. मी पुण्याला काय लिहू?”

विरूपाक्षच्या डोळ्यांपुढं पोत्यावरचा खड्डा आला. “साहेब, एक मिनिट. साधीला खिळे लागलेच नाहीत. तिला वरचं मऊ लाकूड मिळालं. तीसुद्धा खिळ्यावर घालू. बरोबरीचा न्याय.”

“बरोबरीचा न्याय,” गुरुबसप्पा माईकवर म्हणाले. त्यांना तो शब्द आवडला.

निजामोद्दीननं चष्मा काढला. मशीन खाली ठेवलं. “जाणूनबुजून खिळ्यावर चेन घालायची? मी न्हाई करणार भाऊ. आणि ही चेन तर मुळीच न्हाई. हिच्यात काहीतरी खोट हाय, मला बघू तर द्या.”

“तू भितोस,” विरूपाक्ष म्हणाला.

“हाव, भितो. म्हणून दहाही बोटं हायत.”

विरूपाक्षनं साधी चेन स्वतः चढवली आणि मशीन उचललं. आजवर त्यानं ते फक्त फोटोसाठी धरलं होतं. निजामोद्दीननं बाकी काही जमलं नाही, तर निदान आपला चष्मा त्याच्या नाकावर बसवला आणि लोकांना आणखी वीस पावलं मागं ढकललं. विरूपाक्षनं मशीन सुरू केलं, सासऱ्यांकडे एकदा बघितलं आणि खिळ्यांच्या पट्ट्यावर टेकवलं.

चेनीनं खिळा चावला. सुटलेला दात होता तो. आवर घालायला पुढं कुबड नव्हतं. तिनं अख्खा खिळा एका घासात घ्यायचा प्रयत्न केला, तो तिच्या घशाशी अडकला, मशीन विरूपाक्षच्या हातातून उभं उसळलं आणि तो मागच्या मागं भुशात बसला. मशीन बाजूला पडून आपोआप बंद झालं. चेन तुटली होती. तिची एक कडी गोळीसारखी सूं करत मंडपावरून गेली आणि कुठंतरी टप्प झालं.

विरूपाक्षनं आधी बोटं बघितली. दहा होती.

मग सगळ्यांनी आवाजाच्या दिशेनं बघितलं. काळ्या टाकीला, छातीएवढ्या उंचीवर, करंगळीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पाण्याची धार कमान करून रस्त्यावर पडत होती.

त्यानंतर परीक्षा बघायला कुणी उरलं नाही. दुपारच्या बारा वाजता, जिथं माणूस दिसत नव्हतं अशा गल्ल्यांतून घागरी निघाल्या, बादल्या निघाल्या, पातेली निघाली. एका सत्कारमूर्तीनं शाल पिळून घ्यायच्या उद्देशानं धारेखाली धरली. कुलपं लावलेल्या झाकणाचा काही उपयोग नव्हता. चोर अंगातून शिरला होता.

“जावईबापू,” गुरुबसप्पा ओरडले, “बोट घाला.”

विरूपाक्ष धावला आणि त्यानं भोकात बोट घातलं. ते बरोबर बसलं. पाणी थांबलं आणि गर्दीतून निराशेचा एक सुस्कारा निघाला.

“असं न्हाई चालायचं,” गल्लीतली गौरम्मा पुढं झाली. तिच्याकडे तीन घागरी होत्या आणि आवाज चौथ्या घागरीसारखा होता. “रांग लावा. नंबरानं घ्या. विरूपाक्ष, मी म्हणलं की बोट काढायचं, भरली म्हणलं की घालायचं.”

दोन मिनिटांत रांग लागली. उदगीरमध्ये इतकी सरळ रांग कुणी बघितली नव्हती.

खांबेटेसाहेब भुशातून तुटकी चेन उचलून आले. निजामोद्दीन त्यांच्याबरोबर होता. त्यानं चेन उलटीसुलटी केली आणि त्याचा चेहरा उतरला.

“साहेब, सगळी कुबडं घासलीत. एकूण एक.”

“म्हणूनच ती अशी खात होती,” खांबेटे म्हणाले. “हे कुणी केलं? इतकं मन लावून? बेचाळीस कुबडं, एकही सोडलेलं नाही.” ते निजामोद्दीनकडे बघू लागले. “धार तुम्हीच लावता ना इथं?”

निजामोद्दीननं विरूपाक्षकडे बघितलं. सगळ्या तालुक्यात चेनीला हात लावणारा माणूस एकच होता. विरूपाक्षनं ‘हो’ म्हणून नुसती मान हलवली असती, तर निजामोद्दीनकडे उद्यापासून कुणी विळासुद्धा आणला नसता आणि फॉर्म मात्र मोकळ्या जागेसकट विरूपाक्षच्या हातात पडला असता.

विरूपाक्षनं तोंड उघडलं. काय बोलायचं, ते त्यानं अजून ठरवलं नव्हतं; निदान तो तसं सांगतो.

“बोट काढा,” गौरम्मा म्हणाली. त्यानं काढलं. “भरली.” त्यानं घातलं.

एवढ्यात रांगेतून महानंदा पुढं आली. साहेब नवऱ्याच्या कामाचं कौतुक करताहेत आणि नवरा लाजून गप्प बसलाय, असं तिला वाटलं.

“आवं साहेब, ह्यांनीच केलं की ते,” ती पदर सावरत म्हणाली. “मी बघितलंय डोळ्यांनी. काल दुपारी दोन तास घासत होते, बनियन भिजलं होतं. लग्नाला साडेपाच वर्षं झाली, पहिल्यांदाच एवढं काम करताना बघितलं. मी तर ताक ठेवलं.”

खांबेट्यांनी तुटकी चेन विरूपाक्षच्या डोळ्यांपुढं धरली.

“अस्सं,” खांबेटे म्हणाले. “म्हणजे आपली चेन जिंकावी म्हणून दुसरीला बिघडवायला बसलात आणि तिला वाघ करून ठेवलंत. अहो, अशी चेन उसळली की माणूस दोन तुकड्यांत घरी जातो. आधी ही यांच्या हातात होती.”

निजामोद्दीननं टोपी काढून डोकं पुसलं. “मला वाटलंच. माझी कानस गरम लागत होती काल.”

“भाई,” विरूपाक्ष म्हणाला. बोट भोकात असल्यामुळे त्याला हात जोडता येईनात. त्यानं एकच हात छातीला लावला. “चुकलं माझं.”

“बोट काढा,” गौरम्मा म्हणाली.

खांबेटेसाहेबांनी फॉर्म टाकीला टेकवून लिहायला घेतला. वितरकाच्या जागी त्यांनी निजामोद्दीनचं नाव लिहिलं. चेन विकणाऱ्याला चेन कळायला पाहिजे, असं कंपनीचं नवं धोरण आहे, असं ते म्हणाले. ते धोरण नुकतंच झालं असावं. निजामोद्दीननं सही केली आणि विरूपाक्षच्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊ, तुमच्या पाटीवरची जागा मोकळीच हाय अजून. माझं नाव मावंल का?”

विरूपाक्षनं सासऱ्यांकडे बघितलं. गुरुबसप्पा गळ्यातल्या चाव्या बोटांत फिरवत, ओल्या रस्त्याकडे बघत उभे होते. बावीस वर्षांत त्यांच्या कुठल्याच कार्यक्रमाला इतकी माणसं आली नव्हती, आणि एकही जण जायचं नाव घेत नव्हता. ते जवळ आले. आवाज चढवला नाही.

“जावईबापू, उद्या सकाळी आठला घाण्यावर या.”

“आठला?”

“आठला.” त्यांनी टाकीवर बोटांनी टिचकी मारून आतलं पाणी अजमावलं. “निम्मी हाय अजून. सकाळपर्यंत बोट काढू नका.”